बिझनेस कम्युनिकेशन: संशोधन कुठवर आले आहे आणि वर्गात काय शिकवावे?

प्रश्न: वाणिज्य_अध्यापक

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी वाणिज्य महाविद्यालयात मी प्रथम वर्ष बी.कॉम.च्या वर्गाला बिझनेस कम्युनिकेशन हा विषय शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची फेररचना सुरू झाल्यापासून आमच्या विभागाकडे या विषयाचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) घटक नव्याने आखण्याचे काम आले आहे, आणि त्यानिमित्ताने काही मूलभूत प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवावेसे वाटतात.

आजवर आम्ही जे शिकवत आलो ते बहुतेकांच्या परिचयाचे असेल. संवादाची प्रक्रिया आणि तिच्यातील अडथळे, ‘सात सी’ (स्पष्टता, संक्षेप, अचूकता असे चांगल्या लेखनाचे इंग्रजी ‘सी’ने सुरू होणारे सात गुण), पत्राची मांडणी, चौकशीचे पत्र, तक्रारीचे पत्र, वसुलीचे पत्र, नोकरीचा अर्ज, सभेची सूचना आणि इतिवृत्त. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ग्राहकांची गाऱ्हाणी आणि माहिती अधिकाराखालील अर्ज यांचीही पत्रे आली, ही मला त्यातल्या त्यात चांगली भर वाटते. परंतु एकूण भर पत्राच्या साच्यावर राहिला. परीक्षेत गुण मिळतात ते तारीख, विषय, मायना आणि समारोप योग्य जागी आहेत की नाहीत यावर. आता विद्यार्थी तेच पत्र चॅटजीपीटीकडून लिहवून आणतात आणि त्यात साच्याची एकही चूक नसते. त्यामुळे आम्ही ज्याला गुण देत होतो ते कौशल्य तपासण्यासारखे उरले आहे का, हाच प्रश्न उभा राहिला आहे.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या विषयाचे संशोधन गेल्या काही दशकांत कोणत्या दिशेने सरकले, आणि आपण पाठ्यपुस्तकातून जे नियम सांगतो त्यांना त्या संशोधनाचा आधार आहे का? ज्यांनी व्यवसायात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनीही आपले मत अवश्य मांडावे.

उत्तर: संघटन_अभ्यासक

आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे. मी व्यवस्थापनशास्त्राच्या एका संस्थेत याच विषयाचे संशोधन करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हा विषय अमेरिकेतील विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या प्रारंभी रुजला तो ‘व्यापारी पत्रव्यवहार’ म्हणूनच. १९३५ मध्ये तेथील प्राध्यापकांनी संघटना स्थापन केली तीसुद्धा बिझनेस रायटिंग शिकवणाऱ्यांची होती. आजची ‘असोसिएशन फॉर बिझनेस कम्युनिकेशन’ ती हीच. पुढे १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या पुढाकाराने अमेरिकी व्यवसाय शिक्षणाचे दोन अहवाल प्रसिद्ध झाले आणि त्यांनी वाणिज्य शाळांतील कारकुनी वळणाच्या, सैद्धांतिक पाया नसलेल्या विषयांवर कठोर टीका केली. पत्रलेखन त्या टीकेच्या कक्षेत सहज येत होते. या विषयाला विद्यापीठात टिकायचे असेल तर स्वतःचे संशोधन हवे, हा दबाव तेव्हापासून वाढला. १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ बिझनेस कम्युनिकेशन’ सुरू झाले. १९६९ मध्ये संघटनेच्या नावातून ‘रायटिंग’ जाऊन ‘कम्युनिकेशन’ आले आणि बैठका, मौखिक अहवाल, संघटनेतील माहितीचा प्रवाह हे सर्व विषयाच्या कवेत आले.

पुढच्या टप्प्यावर जोअॅन येट्स यांच्या १९८९ च्या ‘कंट्रोल थ्रू कम्युनिकेशन’ या ग्रंथाचा मोठा प्रभाव आहे. त्यांनी इलिनॉय सेंट्रल रेल्वे, स्कोव्हिल आणि ड्यू पाँ या कंपन्यांची जुनी दप्तरे तपासली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारी पेढीतील बहुतेक पत्रे बाहेरच्यांना लिहिलेली असत, कारण आतली माणसे एकाच छपराखाली असत. रेल्वे शेकडो मैल पसरली, कारखाने वाढले, आणि अंतर्गत टिपणी, परिपत्रक, नियतकालिक अहवाल यांची गरज निर्माण झाली. टंकलेखन यंत्र, कार्बन पेपर आणि उभ्या फायली ठेवण्याची पद्धत यांनी ती गरज भागवली. टिपणीच्या डोक्यावर ‘विषय’ आला तो कागद चटकन फायलीत लागावा आणि चटकन सापडावा म्हणून. आणि त्याच वेळी आदराची लांबलचक वाक्ये गळून पडली. आपण ज्याला पत्राचा साचा म्हणून पाठ करून घेतो तो काम करण्याच्या एका विशिष्ट पद्धतीतून घडला आहे, ही गोष्ट विद्यार्थ्याला सांगितली तर साचा शिकवण्यालाही अर्थ येतो. १९९२ मध्ये येट्स आणि वांडा ऑर्लिकोवस्की यांनी हाच विचार पुढे नेला: संघटनेतील लोक टिपणी, बैठक, अहवाल हे प्रकार वापरतात, आणि वापरता वापरता ते बदलतातही.

आता आपला दुसरा प्रश्न. पाठ्यपुस्तकांतील नियमांना पुरावा आहे का? काहींना आहे आणि काहींना नाही. नकाराच्या पत्राचेच घ्या. आपण सर्वजण शिकवतो की आरंभी एक मवाळ वाक्य लिहावे, मग कारणे द्यावीत, त्यानंतर नकार द्यावा आणि शेवट सदिच्छेने करावा. ओहायो स्टेट विद्यापीठातील किटी लॉकर यांनी १९९९ मध्ये याची प्रयोगाने परीक्षा घेतली. कर्ज नाकारणारी आणि पदव्युत्तर प्रवेश नाकारणारी पत्रे त्यांनी विद्यार्थ्यांना वाचायला दिली. आरंभीच्या मवाळ वाक्याने वाचकाच्या प्रतिक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही, आणि नकारानंतर स्वतःच्या संस्थेची जोरदार भलामण केली तर परिणाम उलटाच झाला. आपण जे शिकवतो ते बदलले पाहिजे, असे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. या निबंधाला पंचवीस वर्षे होऊन गेली, तरी आपल्याकडच्या गाईडांत आणि नोट्समध्ये ते मवाळ वाक्य आजही गुण मिळवून देते. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण हा प्रयोग एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातही करून पाहता येण्याइतका साधा आहे.

दुसरे उदाहरण माणसांच्या प्राणांशी निगडित आहे. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकी अवकाश संस्था नासाचे कोलंबिया हे अवकाशयान झेपावले तेव्हा इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे पॉवरपॉइंटच्या स्लाइडवरून मांडला. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक वाचून दिलासा मिळावा असेच होते. मात्र सर्वांत खालच्या पातळीच्या, बारीक अक्षरांतील ओळीत लिहिले होते की प्रत्यक्ष तुकड्याचा आकार १९२० घनइंच आहे आणि चाचण्या ३ घनइंचांच्या तुकड्यावर झाल्या आहेत. म्हणजे सहाशे चाळीस पट फरक, आणि तो उतरंडीच्या तळाशी. १ फेब्रुवारीला यान परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेले या स्लाइडचे विश्लेषण उद्धृत केले आणि तांत्रिक निबंधांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या नासातील प्रथेवर बोट ठेवले. माहिती दिलेली होती, भाषेत व्याकरणाची मोठी चूक नव्हती, साचाही पाळलेला होता. निर्णय घेणाऱ्यापर्यंत धोका पोहोचला नाही. आजचे संशोधन हाच प्रश्न विचारते की मजकूर वाचून समोरच्याला काय समजले आणि त्यावरून त्याने काय ठरवले. अभ्यासक्रमाचे केंद्र येथे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: कर्जविभाग

मी एका नागरी सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करतो. वरील उत्तरातील शेवटचा मुद्दा मला रोजच्या कामातून पटतो, म्हणून लिहीत आहे.

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी एक परिपत्रक काढले. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरण, देणे बंधनकारक झाले. व्यापारी बँका, सहकारी बँका आणि बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्या या सर्वांना ते लागू आहे. हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहिलेले असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा आणि तो समजल्याची पोच घ्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी कर्जदाराला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत. जे शुल्क या विवरणात दाखवलेले नाही ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

या विवरणातील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर. एक लाखाचे कर्ज, एक वर्षाची मुदत, १२ टक्के व्याज आणि २ टक्के प्रक्रिया शुल्क असे उदाहरण घेऊ. हप्ता येतो सुमारे ८,८८५ रुपये. शुल्क आधीच वजा झाल्याने हातात पडतात ९८,००० रुपये. मग कर्जदाराला खरा दर पडतो तो १६ टक्क्यांच्या जवळ. हे एका वाक्यात, मराठीत, काउंटरपलीकडे बसलेल्या शेतकऱ्याला किंवा टेम्पो घेणाऱ्या मुलाला कसे सांगायचे, हे शिकून आलेला पदवीधर मला अजून क्वचितच भेटला आहे. इंग्रजीत चौकशीचे पत्र बिनचूक लिहिणारी मुले पुष्कळ येतात. तीच मुले समोरच्या माणसाशी बोलताना ‘प्रोसेसिंग फी डिडक्ट होऊन अमाउंट डिसबर्स होईल’ असे म्हणतात, समोरचा मान डोलावतो आणि सही करतो. पोच मिळते, समज मिळाली की नाही हे कोणीच तपासलेले नसते.

मी नव्या सहकाऱ्यांना एक सवय लावतो. समजावून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर तुम्ही वहिनींना काय सांगाल? हप्ता किती, एकूण परत किती करायचे आणि एखादा हप्ता चुकला तर काय होईल?’ असे विचारायचे. कर्जदार स्वतःच्या शब्दांत सांगू लागला की कुठे अडले आहे ते लगेच कळते. रुग्णालयांतही डॉक्टर आणि परिचारिकांना रुग्णाकडून सूचना अशाच वदवून घ्यायला शिकवतात.

विमा क्षेत्रातही हेच घडते आहे. आरोग्य विम्याच्या ग्राहकाला पॉलिसीची माहिती सोप्या भाषेत देणारे सुधारित माहितीपत्रक विमा नियामकाने १ जानेवारी २०२४ पासून लागू केले, आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे लागते. म्हणजे समजेल असे लिहिणे ही आता नियामकांची अट आहे, आणि महाराष्ट्रात त्या अटीचा मोठा भाग मराठीतच पुरा करावा लागणार आहे. आपल्या महाविद्यालयांत बिझनेस कम्युनिकेशन इंग्रजीत आणि व्यावहारिक मराठी कला शाखेत, अशी जी फाळणी झाली आहे ती कामाच्या ठिकाणी टिकत नाही. सरांनी नवा घटक आखताना या दोन विभागांना एकत्र बसवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर: हेलसिंकीतून

मी फिनलंडमध्ये एका अभियांत्रिकी कंपनीत नोकरी करतो. माझ्या विभागात फिनिश, स्वीडिश, पोलिश आणि भारतीय सहकारी आहेत आणि सर्व काम इंग्रजीत चालते, परंतु इंग्रजी यांपैकी कोणाचीच मातृभाषा नाही. या परिस्थितीचा अभ्यास याच शहरात झाला आहे, म्हणून त्याची माहिती देतो.

तेव्हाच्या हेलसिंकी स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील लौहिआला-साल्मिनेन, चार्ल्स आणि कान्कानरान्ता या तीन संशोधकांनी २००५ मध्ये फिनिश आणि स्वीडिश कंपन्यांच्या विलीनीकरणानंतरच्या संवादाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही बाजूंचे कर्मचारी एकमेकांशी इंग्रजीत बोलत, ईमेल लिहीत. स्वीडिश लोकांना फिनिश सहकारी थेट आणि मोजके बोलणारे वाटत, तर फिनिश लोकांना स्वीडिश सहकारी फार चर्चा करणारे वाटत. दोघेही इंग्रजी वापरत असले तरी आपापल्या भाषेतली बोलण्याची रीत बरोबर आणत होते. व्यवसायातील इंग्रजीकडे कोणा एकाच्या मालकीची नसलेली, सामायिक कामाची भाषा म्हणून पाहावे, ही दृष्टी त्यातून पुढे आली. एखाद्याचे इंग्रजी लंडनच्या माणसासारखे आहे का, हा निकष त्यामुळे गौण ठरतो. काम झाले का, विषयाचे ज्ञान नेमके पोहोचले का आणि संबंध टिकले का, हे निकष वर येतात.

आपल्याकडे कॉल सेंटरच्या भरभराटीच्या काळात उच्चार ‘न्यूट्रल’ करण्याच्या शिकवण्या निघाल्या आणि पुष्कळ मराठी माध्यमाच्या मुलांनी आपल्या उच्चारांची लाज बाळगायला सुरुवात केली. ती लाज अजून गेलेली नाही, हे येथे नव्याने आलेल्या तरुणांशी बोलताना जाणवते. त्यांना हे संशोधन पहिल्याच वर्षी कोणी सांगितले असते तर त्यांचा फार मोठा मनस्ताप वाचला असता.

ईमेलबद्दलही एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेल्या एका प्रयोगात लोकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने, ईमेलने किंवा आवाजातून, दुसऱ्यापर्यंत पोहोचवायला सांगितली होती. ७८ टक्के वेळा आपला सूर समोरच्याला बरोबर कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून तो ७३ टक्के वेळा कळला, ईमेलमधून अवघा ५६ टक्के वेळा. नाणे उडवून ठरवले तरी ५० टक्के बरोबर येते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य समजते. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर घुमत असतो, वाचणाऱ्याला फक्त अक्षरे दिसतात. संघातील वाद मी अनेकदा एका फोनने मिटताना पाहिले आहेत.

उत्तर: जुनी_शिक्षिका

वरील सर्व उत्तरे मी लक्षपूर्वक वाचली आणि त्यांतील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. तरीही वर्गात अनेक वर्षे शिकवलेली एक शिक्षिका म्हणून साच्याची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या तुकडीत निम्म्याहून अधिक मुले अशी असतात की ज्यांच्या घरात आजवर कोणी कार्यालयीन पत्र लिहिलेले नाही. त्यांच्यासाठी साचा हा पहिला आधार आहे. पत्र कोणाला उद्देशून लिहायचे, कोठे सुरू करायचे, मागणी कोणत्या परिच्छेदात मांडायची हे ठाऊक झाले की त्यांची भीती जाते. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकलेल्या एका विद्यार्थिनीने गावच्या पाणीपुरवठ्याच्या कामाची माहिती मागवली होती, आणि त्या वयात तिला शासनाशी लेखी बोलता आले हे मला कोणत्याही सिद्धांतापेक्षा मोलाचे वाटते. संशोधनाने साच्याचे महत्त्व कमी केले, असा अर्थ कोणी काढू नये. साचा केव्हा मोडायचा हे कळण्यासाठी आधी तो हातात बसावा लागतो.

चॅटजीपीटीच्या प्रश्नाबद्दल घाबरण्यापेक्षा पुरावा पाहावा. एमआयटीमधील शॅकेड नॉय आणि व्हिटनी झँग यांचा प्रयोग २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसिद्धिपत्रके, छोटे अहवाल, नाजूक ईमेल अशी लेखी कामे त्यांनी सुशिक्षित व्यावसायिकांना दिली. ज्यांना चॅटजीपीटी वापरायला मिळाले त्यांचा वेळ सरासरी ४० टक्क्यांनी घटला आणि कामाचा दर्जा १८ टक्क्यांनी वाढला. आधी ज्यांचे लेखन कमकुवत होते त्यांना अधिक लाभ झाला. माझ्या मते आपल्या विद्यार्थ्यांसाठी ही आशेची बातमी आहे. भाषेच्या सफाईत जो मागे होता त्याला आता त्या एका कारणाने डावलणे कठीण होईल.

मात्र त्यामुळे परीक्षेची रीत बदलावीच लागेल. तयार पत्र तपासण्याऐवजी मी आता विद्यार्थ्याला परिस्थिती देते: एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत लिफ्टच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकेकडून जादा वर्गणी घ्यायची आहे, तळमजल्यावरच्या सभासदांचा विरोध आहे आणि सूचना फलकावर लावायची आहे. यंत्राकडून हवा तर मसुदा घ्यावा, परंतु त्यातील कोणते वाक्य या सभासदांना खटकेल, कोणती माहिती राहून गेली आहे आणि आपण कोणते बदल का केले, हे वर्गात उभे राहून मराठीत किंवा इंग्रजीत सांगावे लागते. गुण त्या स्पष्टीकरणाला असतात. यंत्राने लिहिलेला मसुदा बहुधा अतिशय गोड असतो आणि वर्गणीचा आकडा तिसऱ्या परिच्छेदात लपवतो. एकदा दाखवून दिले की मुले हे आपोआप ओळखू लागतात. मोठ्या तुकडीत हे सर्वांना एका सत्रात जमत नाही, म्हणून गट करावे लागतात आणि वेळ जातो, ही अडचण खरी आहे. दोन श्रेयांकांत तिला कसे बसवायचे याचा विचार सरांनी आधीच करून ठेवावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: वाणिज्य_अध्यापक

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेवरून घटकाचा कच्चा आराखडा मी असा धरला आहे. पहिल्या भागात साचाच शिकवायचा, परंतु तो कोणत्या कामासाठी घडला हे सांगत. त्यासाठी आमच्या तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाची जुनी आवक-जावक नोंदवही आणि आजचा ईमेल शेजारी ठेवता येतील. मधला आणि सर्वांत मोठा भाग वाचकाला काय समजले हे तपासण्याचा. कर्जाचे विवरण सोप्या मराठीत लिहायचे, ते वाणिज्य शाखेबाहेरच्या एखाद्या माणसाला वाचून दाखवायचे आणि त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलेले टिपून आणायचे. लॉकर यांच्या धर्तीवरचा नकारपत्राचा छोटा प्रयोगही याच भागात, मराठी पत्रांवर, करून पाहण्याचा मानस आहे. कारण तेथील विद्यार्थ्यांवर जे दिसले ते आपल्याकडच्या वाचकांवर तसेच दिसेल, हे गृहीत धरणे मला योग्य वाटत नाही. मराठीत नकार देण्याआधी विचारपूस करण्याची रीत आहे आणि तिचा परिणाम वेगळा निघू शकतो. शेवटच्या भागात यंत्राच्या मसुद्यांचे परीक्षण, बाईंनी सांगितल्याप्रमाणे गटांत.

मराठी विभागप्रमुखांशी बोलणे झाले आहे आणि मूल्यमापनात त्यांचा सहभाग असेल. कर्ज विभागात काम करणाऱ्या सदस्यांना एक विचारतो: कर्जदार आपल्या शब्दांत सांगतो तेव्हा कोणत्या तीन-चार मुद्द्यांवर तो सर्वाधिक अडतो, हे आपण लिहू शकाल का? विद्यार्थ्यांच्या टिपणांना गुण देण्याचा तक्ता मी त्याच मुद्द्यांवर बेतू इच्छितो, आणि अभ्यास मंडळाकडे आराखडा पुढील महिन्यात पाठवायचा आहे.